बंद नळ आणि बारा पेन्शनर

मंडळी, पुढे जे येणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर सांगणाऱ्याची हातोटी गेली म्हणायची. एका माणसाच्या कानात चार कोटी नळ होते. चारही कोटी बंद होते, आणि तरी सगळे गळत होते. हसा, हसून घ्या. ती गळती थांबवायला बारा पेन्शनर कामावर परत बोलवावे लागले, आणि ते बाराच्या बारा मसुराच्या एका दाण्यावर उभे होते. हसून झालं असेल तर आता नीट, सुरुवातीपासून ऐका.

एक घड्याळजी होते. देखणा माणूस, खोटं कशाला बोला. हात असा स्थिर की भिंगाखाली स्क्रू उचलताना श्वाससुद्धा परवानगी मागून आत जायचा. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची मनगटी घड्याळं दुरुस्त केली आणि चाळीस वर्षं दुकानासमोरच्या बाकावर बसणाऱ्यांना गोष्टी सांगितल्या. त्यातल्या काही खऱ्याही होत्या. पण सत्तरी उलटली आणि कान गेले. पुरते गेले असते तर एक वेळ परवडलं असतं, पण गेले ते अर्धे. कानात घालायचं एक जुनं यंत्र होतं, ते सगळंच मोठं करायचं: चमचा, पंखा, गाड्यांचे हॉर्न, शेजाऱ्याचा खोकला, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी चिरडलेलं माणसाचं बोलणं. दोन महिन्यांत घड्याळजींनी ते यंत्र टेबलाच्या खणात टाकलं. मग बाकावर बसणं सोडलं. मग बोलणंच सोडलं. समोरचा काय म्हणतोय हे कळेना, तर गोष्ट सांगायची कुणाला? जेवताना ताटाकडे बघायचे. काही विचारलं तर ‘हं’ म्हणायचे, आणि त्या ‘हं’चा अर्थ हो, नाही किंवा मीठ दे, यांपैकी काहीही असायचा.

घड्याळजींची थोरली मुलगी चिप बनवणाऱ्या कंपनीत होती. ऑफिसात तिला ‘अर्धाव्होल्ट’ म्हणायचे, कारण तिची चिप अर्ध्या व्होल्टवर चालायची आणि ती स्वतः अर्ध्या कप चहावर. घरात मात्र ती नुसती थोरली. मसुराच्या दाण्याएवढी ती चिप कानातल्या यंत्रात बसवायची होती, आणि तिच्यात एक भाग होता, त्याला सगळे ‘निवड्या’ म्हणत. कानावर आलेल्या गोंगाटातून माणसाचं बोलणं तेवढं निवडून घ्यायचं आणि बाकीचा कचरा खाली सोडायचा, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणायला सोपं, पण त्यासाठी चार कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवलेसे नळ, लागत. थोरलीने हे काम साहेबांकडून मागून घेतलं होतं. का, ते साहेबांनी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

पहिली चिप हातात आली तेव्हा चाचणीसाठी कान हवे होते. थोरलीने घरचेच दिले. यंत्र वडिलांच्या कानात बसवलं आणि सगळे जेवायला बसले. पंखा फिरत होता, भांडी वाजत होती. तिची मुलगी, वय वर्षं आठ, दुधाचा पेला ओठांना लावून हळूच म्हणाली, “आजोबा, तुमच्या मिशीला दूध लागलंय.”

घड्याळजींनी मिशी पुसली.

टेबलाभोवती कुणी घास उचलेना. नातीने पुन्हा, अजून हळू विचारलं, “तुम्हाला ऐकू आलं?”

“आलं की! आणि तुझ्याही मिशीला लागलंय.”

त्यानंतर अडीच दिवस त्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला मिळालं नाही. साडेतीन वर्षांचं साचलेलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी, एका मगरीने घड्याळ गिळल्याची हकिगत ऐन भरात आलेली असताना, घड्याळजी थबकले, कानाला हात लावला, आणि पुन्हा ताटाकडे बघू लागले. बॅटरी संपली होती. नवी घातली. तीही अडीच दिवसांत संपली.

कागदावर थोरलीने नऊ दिवस लिहिले होते.

ऑफिसातल्या साहेबांचं टोपणनाव ‘तारीखसाहेब’. तारीख सांगितल्याशिवाय हा माणूस शिंकतही नसे. ते म्हणाले, “मॅडम, सात दिवस. सातच्या खाली मी जाऊ शकत नाही. ती बॅटरी शर्टाच्या बटणाहून लहान. सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाने थरथरत्या बोटांनी ती दर दोन दिवसांनी बदलायची? आठवड्यातून एकदा, त्याच वारी, एवढंच त्यांना झेपतं.”

“माझ्या वडिलांची बोटं थरथरत नाहीत.”

“तुमच्या वडिलांची. बाकीच्यांची?” साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत. “आणि ते घड्याळजी ना? उघडून बघितलं असेल.”

थोरलीने घरी येऊन पाटीवर लिहून विचारलं. घड्याळजी लालबुंद झाले. “मी? हातसुद्धा लावला नाही!” आणि ते खरंच होतं. एकदा उघडलं होतं, पण घड्याळजींनी उघडलेलं म्हणजे न उघडल्यासारखंच. आतल्या धुळीलासुद्धा पत्ता लागला नव्हता.

“तीस तारखेपर्यंत कारण सापडलं तर ठीक,” साहेबांनी सांगितलं, “नाहीतर ही चिप बंद. जुनीच पुढे चालू राहील. चाचणीचं यंत्र तेवढं उद्या जमा करा.”

जुनी म्हणजे तीच, चमचा आणि माणूस एकाच मापाने मोजणारी. थोरलीने यंत्र जमा केलं. त्या संध्याकाळी नात आजोबांशी शाळेतलं काही बोलत होती, आणि आजोबा म्हणाले, “हं.”

थोरलीने ताट बाजूला सारलं आणि मनाशी म्हणाली, तीस तारीख तर तीस तारीख.

आता त्यांच्या लॅबबद्दल सांगायला हवं. त्या खोलीला सगळे ‘फ्रीज’ म्हणत. मोजणीची मोठाली यंत्रं तापतात म्हणून एसी बाराही महिने अठरा अंशांवर. दाराशी खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीवर ज्याचा त्याचा स्वेटर. आत जाताना चढवायचा, बाहेर येताना उतरवायचा, ही तिथली इतकी जुनी रीत की नव्याने नोकरीला लागलेल्याला ओळखपत्राआधी खुंटी मिळायची. आत थंडी अशी की चहाची वाफ वर न जाता कपातच अंग चोरून बसायची. आणि तिथलं मीटर असं नाजूक की साहेबांनी ‘नक्की होईल’ म्हटलं की काटा हलायचा.

त्या मीटरला चिप जोडून थोरलीने तीन दिवस मोजलं. जागी असताना किती वीज घेते: हिशेबाबरहुकूम. झोपली असताना, म्हणजे आजूबाजूला शांतता असल्यामुळे निवड्याला काही काम नसताना, किती घेते: तेही हिशेबाबरहुकूम. नऊ दिवस. पुन्हा मोजलं. नऊ दिवस.

“इथे शहाणी आणि घरी गेली की वेडी,” शेजारची आखणीताई म्हणाली. चिपवरचा प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि प्रत्येक तार कुठून कुठे जाणार हे आखायचं तिचं काम. तोंडही तिचं तसंच, आखीव. “माझा नवरा बरोबर याच्या उलट.”

थोरली हसली नाही. “घरी म्हणजे कुठे?”

“म्हणजे घरी.”

“घरी नाही. कानात.” तिने फोन उचलला. चौथ्या दिवशी घड्याळजींना गाडीत घालून फ्रीजमध्ये आणलं.

घड्याळजी मफलर गुंडाळून खुर्चीत बसले. यंत्र कानात, यंत्रातून दोन केसासारख्या तारा मीटरला. खोलीत कुणी बोलायचं नाही, म्हणजे निवड्या झोपेल. मीटरने नेहमीचा आकडा दाखवला. आखणीताईने खांदे उडवले. थोरली हलली नाही. पाच मिनिटं गेली आणि आकडा चढायला लागला. दहा मिनिटांत दुप्पट. वीस मिनिटांत साडेतीन पट, आणि तिथेच बसला. चिप गाढ झोपेत होती आणि झोपेत जेवत होती.

“बाबा, तुम्ही काही केलंत?” न राहवून थोरलीने विचारलं.

“बसलोय. हातपाय बधिर झालेत.” मग घड्याळजी कान चाचपून म्हणाले, “एवढा कानच काय तो गरम आहे, त्याच्यामागे अख्खा माणूस आहे ना.”

थोरलीने आकड्याकडे पाहिलं. मग अंगातल्या स्वेटरकडे पाहिलं. मग आखणीताईच्या स्वेटरकडे. मग दाराशी असलेल्या त्या सगळ्या खुंट्यांकडे. सहा वर्षं, चौदा शिकलेली माणसं, सगळी पदवीधर, रोज सकाळी थंडी वाजते म्हणून लोकर चढवून आत येत होती आणि माणसाच्या कानात राहायच्या वस्तूचं मोजमाप करत होती. एकाच्याही मनात आलं नव्हतं की कानाला स्वेटर लागत नाही.

“ताई,” ती म्हणाली, “आपण गाढव आहोत.”

“तू आहेस म्हण. मी फक्त आखते.”

परत येताना गाडीत घड्याळजी गप्प बसेनात. चार दिवसांनी कान मिळाला होता, आणि तोही संध्याकाळी परत करायचा होता. “पोरी, मला एक सांग. काम नाही, नळ बंद. मग गळतं कसं?”

“नळच इतका लहान झालाय बाबा, की बंद आणि उघडा यात अंतरच थोडं उरलंय. पूर्वीचे ट्रान्झिस्टर मोठे होते. पाच व्होल्टची ताकद लावून पिळायचे, घट्ट बसायचे. दरवेळी त्यांना लहान करत गेलो. लहानाला तेवढी ताकद सोसत नाही, म्हणून व्होल्ट कमी केले. थोडक्या व्होल्टवर चटकन उघडायला हवा, म्हणून पीळ सैल ठेवला. सैल ठेवला की...”

“की बंद करूनही पाझरतो.”

“हो. आणि गरम झाला की जास्तच. दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट.”

“एक नळ किती पाझरतो?”

“काहीच नाही. आमच्या मीटरलाही दिसणार नाही.”

“आणि आहेत चार कोटी.” घड्याळजींनी मनगटावरच्या घड्याळाची चावी चाचपली. “दुकानात विक्रीची नवी घड्याळं ठेवतो ना, त्यांची चावी मी बाहेर ओढून ठेवतो. खाली प्लास्टिकची कडी अडकवतो. लहानपणी तू त्या कड्या बोटात घालून फिरायचीस.”

“आठवतंय.”

“नुसते काटे थांबून भागत नाही. आत वीज खेळती राहिली तर गिऱ्हाईक यायच्या आत बॅटरी मेलेली. मुळातच तोडायला लागते.”

थोरलीला हे माहीत नव्हतं असं नाही. चिपवाल्यांनाही ही तोड चांगली ठाऊक असते: भागाला काम नसेल तर त्याची वीज दारातच अडवायची. पहिल्या आखणीत तिने असं दार ठेवायचं म्हटलंही होतं. पण फ्रीजमधला आकडा इतका गोड दिसत होता की सगळ्यांनी मिळून ते दार गाळलं. जागा वाचली म्हणून त्या दिवशी बिस्किटंही वाटली होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळावर हात मारला, पण मनापासून, स्वतःच्याच. कारण गाळलेल्या दाराच्या कागदावर सही त्यांची होती.

“नव्याने बनवायला दीड वर्ष,” ते म्हणाले. “तेवढं कुणी थांबणार नाही. एकच करता येईल. खालची जमीन, म्हणजे ट्रान्झिस्टर, जसे आहेत तसेच. वरच्या तारा तेवढ्या बदलून मिळतील. आखणीला बारा दिवस. बनून यायला आठ आठवडे. एकच खेप. त्यात सात दिवस निघाले तर निघाले.”

“आणि नाही निघाले तर?”

साहेबांनी तारीख सांगितली नाही. पहिल्यांदाच. थोरलीला त्यावरून काय ते कळलं.

आता गंमत बघा. दार बसवायचं, तर दार कशाचं? त्याच सैल नळांचं केलं तर दारच गळणार. हवा होता जुन्या बांध्याचा, जाड, घट्ट ट्रान्झिस्टर, आणि नवा तर एकही बनवायची सोय नाही. थोरलीने आणि आखणीताईने चिपचा नकाशा भिंतभर पसरून टांगला. मसुराचा दाणा, पण नकाशा एवढा की वरचा कोपरा बघायला स्टुलावर चढावं लागे. आखणीताई सांगायची की एकदा त्यात वाट चुकल्याने तिला जेवायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली नकाशाच्या कडेशी थांबली. “ही चौकट कुणाची?”

“ते पेन्शनर.”

चिपच्या कडेला थोडे ट्रान्झिस्टर मुद्दाम जुन्या मापाचे ठेवावे लागतात. त्यांची गाठ थेट बॅटरीशी, आणि बॅटरी दीड व्होल्टच्या आसपासची. आतली बारीक पोरं तेवढ्याने होरपळतात. कडेचे मात्र जाडजूड, अवाढव्य, हळू उठणारे, जागा अडवणारे, पण एकदा बसले की बसले. सगळं ऑफिस त्यांना पेन्शनर म्हणायचं.

“या बाजूचे हे बारा काय करतात?”

“काही नाही. पहिल्या चाचणीच्या वेळी बाहेरच्या तारा जोडायला होते. आता नुसते ऊन खातात.”

थोरलीने बाराही मोजले. पुन्हा मोजले. “ताई, निवड्याला वीज जाते ती या बाराजणांच्या हातून गेली तर?”

“कुठे ते कोपऱ्यात आणि कुठे तो मध्यभागी! सगळ्या वरच्या तारा उपटाव्या लागतील.”

“किती?”

“तीनशेच्या वर.”

“मग उपटू.”

“बारा दिवसांत?”

“अकरा. एक काल गेला.”

आखणीताईने तिच्याकडे पाहिलं, मग चप्पल काढून स्टुलावर चढली. “तू खालून वाच, मी वरून खोडते. आणि मला मध्येच ‘जमेल ना’ असं विचारायचं नाही, सांगून ठेवते. विचारलंस की एक तार चुकीची जाईल.”

थोरलीने विचारलं नाही. पहिल्या चार दिवसांत त्यांनी नव्वद तारा हलवल्या, पाचव्या दिवशी त्यातल्या चाळीस पुन्हा जागच्या जागी नेल्या, कारण एकीच्या वाटेत दुसरी आडवी येत होती. थोरलीचं बोट नकाशावर घासून गुळगुळीत झालं, इतकं की ऑफिसच्या दाराचं यंत्र तिचा ठसा ओळखेना आणि पहारेकऱ्याला तिला आत घ्यावं लागे. मोजणीसाठी तिने एक छोटी पेटी मागवली आणि तिचं तापमान लावलं छत्तीस अंश. यापुढे कुठलाही आकडा त्या पेटीबाहेर मोजायचा नाही, असा कागद तिने स्वेटरांच्या खुंटीवर लटकवला. लोक तिथे हात शेकायला येऊ लागले. तिने त्यांनाही हाकललं.

आठव्या दिवशी कॉम्प्युटरवर आखणी चालवून पाहिली. दार बंद केलं: गळती जवळजवळ नाहीशी. आखणीताईने टाळी वाजवली. दार उघडलं, आणि अख्खी चिप बेशुद्ध पडली. चार कोटी नळ एकदम कोरडे झालेले, एकदम तहानलेले. बाराही दरवाजे एका क्षणी उघडले की सगळ्यांनी मिळून असा घोट घेतला की शेजारच्या भागांच्या तोंडचं पाणी पळालं. कोण काय करत होतं, सगळं विसरले.

थोरलीने डोकं टेबलावर टेकलं. बरोबर एक मिनिट. मग वर उचललं. “कमी प्यायला लावता येणार नाही. मग हळू प्यायला लावू.”

“बागेतल्या बाकावरचे म्हातारे बघितलेस कधी?” आखणीताई म्हणाली. “बाराजण एकदम उठतात? एक जण गुडघे धरून उठतो, तो नीट उभा राहिला की दुसऱ्याला हात देतो.”

“पण बोलणाऱ्याचा पहिला शब्द अर्धा कापला गेला तर?”

“आपले म्हातारे कितीही आळशी असले तरी सेकंदाच्या हजाराव्या भागात बाराही उभे. एवढ्या वेळात तुझ्या बाबांचा ‘अ’सुद्धा सुरू होत नाही.”

पहिला उठला की त्याने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी तार ओढली. अकरा आणखी तारा. त्यांच्यासाठी जागा नव्हती. चिपच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह कोरलेलं होतं, ते थोरलीने पुसायला लावलं, आणि तिथून तारा नेल्या. साहेब म्हणाले, “नाव तरी ठेवा हो!” थोरली म्हणाली, “नाव कुणाला ऐकू येत नाही, सर.” बाराव्या दिवशी दुपारी चारला आखणी रवाना झाली.

मग आठ आठवडे. त्या आठ आठवड्यांबद्दल काही सांगण्यासारखं नाही, कारण त्या घरात कुणी काही बोललंच नाही. नात तेवढी रोज आजोबांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. घड्याळजींच्या गुदगुल्यांचा तिला तेव्हा शोध लागला.

नवी चिप सोमवारी आली. सकाळी नऊ वाजता थोरलीने यंत्र वडिलांच्या कानात बसवलं, वेळ लिहून ठेवली, आणि म्हणाली, “बाबा.”

“ओरडतेस कशाला?” घड्याळजी म्हणाले.

आणि इथे एक भानगड कुणाच्याच लक्षात आली नव्हती. चिप झोपणार कधी? शांतता असेल तेव्हा. आणि घड्याळजींना आठ आठवड्यांनी कान आलेला. सकाळी दूधवाल्यापासून जे सुरू झालं ते झोपेपर्यंत. निवड्याला क्षणाची उसंत नाही, पेन्शनरांची नुसती ऊठबस. मंगळवारी साहेबांचा फोन आला. आकडे त्यांच्याकडेही जात होते.

“मॅडम, हे फार बोलतात. आठवडाभर जरा शांत राहायला सांगा ना. नुसता आठवडाभर. सोमवार सकाळपर्यंत.”

थोरली दारात उभी होती. आत घड्याळजी नातीला सांगत होते की त्यांनी एकदा इतकं लहान घड्याळ दुरुस्त केलं की ते बघायला मुंगीकडून भिंग उसनं आणावं लागलं. नात म्हणत होती, “मुंगीकडे भिंग कशाला असेल?” आणि घड्याळजी त्यावर लगेच उत्तर देत होते. लगेच.

चिपचं भवितव्य तिच्या हातात होतं. एक बोट ओठांवर ठेवलं असतं तरी काम झालं असतं.

“नाही सर,” ती म्हणाली. “गप्प बसवून आलेले सात दिवस मला नकोत. गप्प बसायला त्यांचं खणातलं यंत्र पुरेसं होतं.”

“मग रिस्क तुमची.”

“माझीच.”

बुधवारी रात्री, जुनी चिप मान टाकायची त्या वेळेला, सगळं घर टेबलाभोवती बसलं आणि घड्याळजींच्या कानाकडे बघू लागलं. “जेवा ना!” घड्याळजी खेकसले. “कानात काय बघता? त्यातून काही बाहेर पडणार नाही.” वेळ टळली. गुरुवार गेला. शुक्रवारी थोरलीचा अर्धा कप चहाही तसाच थंड झाला. शनिवारी घड्याळजी दिवसभर बाकावर होते, आणि शेजारी ट्रकचे टायर बदलत होते. रविवारी त्यांनी मगरीची ती अर्धी राहिलेली हकिगत पुरी केली.

सोमवारी सकाळी पावणेनऊला तारीखसाहेब स्वतः घरी आले, घड्याळजींच्या समोर बसले, आणि मनगटावर डोळे लावले. नऊ वाजले. साहेबांनी तोंडावर हात धरून, अगदी पुटपुटल्यासारखं विचारलं, “आज तारीख काय?”

“पाच,” घड्याळजी म्हणाले. “आणि तुमचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे. आणा इकडे.”

साहेब उठले, थोरलीचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, आणि त्यांच्या तोंडून तारखेशिवाय एक अख्खं वाक्य बाहेर पडलं: “मॅडम, चिप चालू.”

पण मंडळी, यंत्र तिथे थांबलं असं वाटलं का तुम्हाला? छे! थांबतंय कुठलं. दहावा दिवस गेला, पंधरावा गेला. विसाव्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून रद्दीत घातलं. तिसाव्या दिवशी बॅटरीच्या कारखान्याचे मालक हात जोडून दारात उभे, ‘आमच्या पोटावर पाय देऊ नका’ म्हणून. त्यांनाही घड्याळजींनी बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एकच बॅटरी, तीच बॅटरी, आणि एकेचाळीसाव्या दिवशी...

“थाप.”

आवाज दुकानाच्या आतून आला. थोरली आत कप विसळत होती, पाणी वाजत होतं, रस्त्यावरून एक ट्रक घरघरत चालला होता, आणि तिने आवाज जरासुद्धा चढवला नव्हता. “एकेचाळीस दिवस होऊच शकत नाही बाबा. ती बॅटरी हवेवर चालते. वरचा चिकट कागद काढून एकदा हवा लागली की महिन्याभरात आपोआप सुकते, कानात ठेवा नाहीतर कपाटात. आठ दिवस चाललं. आठ.”

बाकावरच्या चौघांपैकी कुणालाही ट्रकच्या आवाजात यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. ते तसेच ‘एकेचाळीसाव्या दिवशी काय झालं’ म्हणून तोंडाकडे बघत होते. त्यांना गोष्ट सांगत बसलेले घड्याळजी मात्र थबकले, आणि मान न वळवता म्हणाले,

“आठ दिवस आणि पाच तास. पाच तास कशाला खातेस, पोरी?”